विद्रूपण : न्यू यॉर्कची भुयारं आणि कलादालनातली ग्राफिटी

१९८३च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कमधल्या ५७व्या रस्त्यावरच्या सिडनी जॅनिस गॅलरीत ‘पोस्ट-ग्राफिटी’ नावाचं प्रदर्शन भरलं. सिडनी जॅनिस हे अमेरिकी कलाबाजारातलं वजनदार नाव. मोंद्रियानची चित्रं त्यांनी जमवली, विकली. पोलॉक, रॉथको, डी कूनिंग यांना पन्नासच्या दशकात आपल्या भिंती दिल्या. पॉप आर्टला प्रतिष्ठा मिळवून देणारं १९६२चं प्रदर्शनही त्यांचंच. आता त्याच दालनात क्रॅश, डेझ, लेडी पिंक अशा टोपणनावांची, ब्रॉन्क्स, ब्रुकलिन आणि क्वीन्समधली विशीच्या आसपासची मुलं आपले कॅनव्हास टांगत होती. त्यांची खरी कलाशाळा म्हणजे भुयारी रेल्वेचे डबे. सोबत जाँ-मिशेल बास्किया आणि कीथ हॅरिंग हे दोघेही होते. ते तोवर चांगलेच गाजले होते.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला पहाटे तीनच्या सुमारास, या गॅलरीपासून चारेक किलोमीटरवर, फर्स्ट ॲव्हेन्यू स्टेशनात मायकल स्टुअर्ट नावाच्या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला रेल्वे पोलिसांनी पकडलं. आरोप असा की, तो मार्करनं स्टेशनच्या भिंतीवर काहीतरी लिहीत होता. थोड्याच वेळात त्याला बेलव्ह्यू रुग्णालयात आणलं गेलं, तेव्हा त्याचे हातपाय बांधलेले होते आणि नाडी लागत नव्हती. तेरा दिवस तो कोमात होता. २८ सप्टेंबरला तो गेला.

ग्राफिटीचा इतिहास सांगताना ही दोन प्रकरणं सहसा वेगवेगळ्या पानांवर येतात. एक कलेच्या, दुसरं गुन्ह्याच्या. मला ती एकाच पानावर ठेवून वाचावीशी वाटतात.

नाव

सुरुवात नावापासून झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात ‘कॉर्नब्रेड’ या नावानं एक मुलगा शहरभर भिंती भरत होता. न्यू यॉर्कमध्ये हे खूळ पसरलं ते ‘टाकी १८३’मुळे. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये, १८३व्या रस्त्यावर राहणारा हा ग्रीक कुटुंबातला मुलगा. नाव डेमेट्रियस, त्याचं लाडकं रूप टाकी. निरोप्याचं काम करायचा, त्यामुळे दिवसभर शहरात हिंडणं व्हायचं, आणि जाईल तिथं मार्करनं नाव-नंबर टाकून यायचा. (मराठीत टाकी म्हणजे पाथरवटाचं दगडावर घाव घालायचं हत्यार. योगायोगच, पण गमतीचा.) २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं त्याच्यावर बातमी छापली आणि मग शहरातल्या पोराटोरांना कळलं की, एका मार्करच्या जोरावर पेपरात नाव येऊ शकतं. त्याच्या आधी ‘हुलियो २०४’ होता, पण तो आपल्या वस्तीपलीकडे फारसा गेला नाही, म्हणून त्याचं नाव मागे पडलं.

ही मुलं स्वतःला ‘ग्राफिटी आर्टिस्ट’ म्हणवत नव्हती. ग्राफिटी हा शब्द वर्तमानपत्रांचा. ती स्वतःला ‘रायटर’ म्हणायची, लिहिणारे. ‘तू काय लिहितोस?’ असं एकमेकांना विचारायचं, आणि उत्तरात आपलं नाव सांगायचं. कारण लिहायचं ते फक्त नावच. स्वतः निवडलेलं, बापाकडून न आलेलं.

सत्तरच्या दशकातलं ब्रॉन्क्स डोळ्यांपुढे आणलं तर या हट्टाचा अर्थ लागतो. शहराच्या पोटातून महामार्ग काढताना वस्त्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. मागे उरलेल्या इमारतींपैकी कितीतरी विम्याच्या पैशांसाठी पेटवल्या जात होत्या. १९७५ साली तर महापालिकाच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. पोर्तो रिकोतून आलेल्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या मुलांचं नाव शाळेच्या हजेरीपटावर किंवा पोलिसांच्या वहीत, एवढंच. ट्रेनवर लिहिलेलं नाव मात्र ब्रॉन्क्समधून निघून मॅनहॅटनखालून ब्रुकलिनपर्यंत जायचं. ज्या भागात त्या मुलाला कुणी उभंही केलं नसतं, तिथून ते दिवसातून अनेकदा जायचं.

लिहिणं हळूहळू बदलत गेलं. आधी मार्करची सही, तिला टॅग म्हणायचे. मग स्प्रेचे डबे आले. कुणीतरी शोधून काढलं की, दुसऱ्या डब्यांची, म्हणजे ओव्हन साफ करायच्या फवाऱ्याची वगैरे, तोटी बसवली तर रंगाची धार रुंद पडते. १९७२मध्ये ‘सुपर कूल २२३’नं अक्षरांना जाडी दिली. ‘फेज २’नं ती फुग्यासारखी गोल केली. मग अक्षरं एकमेकांत गुंतू लागली, त्यांना बाण फुटले, आणि शेवटी बाहेरच्याला एक अक्षर लागणार नाही अशी ‘वाइल्डस्टाइल’ तयार झाली. १९७६मध्ये ‘फॅब्युलस फाइव्ह’ या टोळीनं, ज्यात ली किन्योनेस होता, दहा डब्यांची अख्खी गाडी रंगवली.

ब्रॉन्क्समधल्या १४९वा रस्ता-ग्रँड कॉन्कोर्स या स्टेशनच्या फलाटावर एक बाक होता. त्याला ‘रायटर्स बेंच’ म्हणत. शाळा सुटल्यावर वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं वह्या घेऊन तिथं बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायची. कुणाचं नाव नवीन आलं, कुणाची रेघ थरथरली, कुणी कुणाची अक्षरं चोरली, यावर तिथं निवाडा व्हायचा. नवशिक्याला ‘टॉय’ म्हणायचे, एखाद्या मार्गावर सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगलं लिहिणारा तिथला ‘किंग’. एकमेकांच्या वह्यांत सह्या घेतल्या जायच्या. माझ्या लेखी न्यू यॉर्कमधलं ग्राफिटीचं पहिलं कलादालन ते. चित्रं चालत यायची, दहा-पंधरा सेकंद थांबायची आणि निघून जायची. बघणारे जाणकार होते आणि कुणीच काही विकत घेत नव्हतं.

कॅनव्हास

चार भिंतींच्या आत हे काम न्यायची कल्पना फार लवकर निघाली. सिटी कॉलेजात समाजशास्त्र शिकणाऱ्या ह्युगो मार्टिनेझनं १९७२ साली काही मुलांना एकत्र करून ‘युनायटेड ग्राफिटी आर्टिस्ट्स’ ही संघटना काढली. पुढच्या वर्षी ट्वायला थार्पच्या ‘ड्यूस कूप’ या बॅलेसाठी या मुलांनी प्रयोग चालू असतानाच रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर नावं रंगवली. सप्टेंबर १९७३मध्ये सोहोतल्या रेझर गॅलरीत त्यांच्या कॅनव्हासचं प्रदर्शन झालं. टीकाकारांनी लिहिलं, थोडी चर्चा झाली आणि ती लाट ओसरली.

दुसरी लाट मोठी होती आणि ती युरोपातून फिरून आली. १९७९च्या अखेरीस रोममधल्या ला मेदुसा गॅलरीत ली किन्योनेस आणि फॅब फाइव्ह फ्रेडी यांचे कॅनव्हास लागले. न्यू यॉर्कमध्ये साउथ ब्रॉन्क्सच्या ऐन वस्तीत ‘फॅशन मोडा’ ही जागा १९७८पासून सुरू होती. तिथं १९८०मध्ये स्वतः क्रॅशनंच ग्राफिटीचं प्रदर्शन मांडलं. पाठोपाठ १९८१च्या फेब्रुवारीत पी.एस. १ या जुन्या शाळेच्या इमारतीत ‘न्यू यॉर्क/न्यू वेव्ह’ झालं आणि बास्किया रातोरात मोठा झाला. त्याच वर्षी ईस्ट व्हिलेजमध्ये पॅटी ॲस्टर आणि बिल स्टेलिंग यांची फन गॅलरी उघडली. १९८३मध्ये रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयानंही या कामाचं प्रदर्शन केलं. डच संग्राहकांनी ते खरेदी केलं आणि अमेरिकेत भाव पडल्यावरही करत राहिले. मग डिसेंबरमध्ये जॅनिस.

बास्किया आणि हॅरिंगला ‘ग्राफिटीवाले’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती तितकीशी बरोबर नाही. बास्कियानं आपला मित्र अल डियाझ याच्यासोबत ‘सेमो’ या नावानं मॅनहॅटनच्या भिंतींवर तिरकस वाक्यं लिहिली, पण तो ट्रेनवाला कधीच नव्हता. हॅरिंग स्टेशनातल्या रिकाम्या जाहिरात-फलकांवरच्या काळ्या कागदावर खडूनं चित्रं काढायचा. त्याला अनेकदा पकडलं, दंड केला आणि सोडून दिलं. तो गोरा होता. पुढं जे घडलं ते वाचताना हे लक्षात असू द्यावं.

‘पोस्ट-ग्राफिटी’ या नावातच मेख होती. ‘पोस्ट’ म्हणजे नंतरची. गॅलरीचं म्हणणं असं की, ही मुलं आता गाड्या सोडून कॅनव्हासवर आली आहेत, ग्राफिटीचा टप्पा मागे पडला, पुढचं पाऊल कलेचं. कलेचं प्रमाणपत्र हवं तर गुन्ह्याचा राजीनामा द्या, असा तो सौदा. टीकाकारांना तेवढ्यानंही समाधान नव्हतं. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या ग्रेस ग्लूक यांनी ऐन नाताळच्या दिवशी आलेल्या परीक्षणात, कॅनव्हासवर आलं तरी हे डोळ्यांना खुपणारंच आहे, असा निकाल दिला.

माझं मत थोडं निराळं आहे. कॅनव्हासवर काहीतरी हरवलं हे खरं, पण ग्लूकबाईंना वाटलं ते नव्हे. पन्नास फुटी डब्यावर रात्रीच्या अंधारात, पावलांच्या आवाजाकडे कान लावून लिहिलेलं नाव चार-पाच फुटांच्या चौकटीत बसवलं की, त्याची चाल जाते. शिवाय ट्रेनवर अख्खं चित्र म्हणजेच सही होती. कॅनव्हासवर खरेदीदाराला सही कोपऱ्यात हवी असते. मग मधल्या जागेत काय काढायचं? ज्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, ते टिकले. लेडी पिंकनं बायका काढल्या, आपली वस्ती काढली. लीनं शहरच काढलं. बाकीच्यांनी ट्रेनवरचं नावच छोटं करून विकलं आणि दोन-तीन वर्षांत बाजार त्यांना कंटाळला. १९८५मध्ये फन गॅलरी बंद पडली.

तुग्रा आणि टॅग

१९८४मध्ये न्यू यॉर्कमध्येच आणखी एक प्रदर्शन झालं. त्याची चर्चा कमी होते, पण या ब्लॉगच्या वाचकांना ते जवळचं वाटेल. इराणी वंशाच्या गॅलरीचालक लैला हेलर यांनी ‘कॅलिग्राफिटी’ हे प्रदर्शन भरवलं. हुसैन झिंदारूदीसारख्या, फारसी अक्षरांतून चित्र उभं करणाऱ्या कलावंतांचं काम आणि न्यू यॉर्कच्या रस्त्यावरचं अक्षर त्यांनी एकाच दालनात आणलं. २०१३मध्ये ते नव्यानं मांडलं गेलं.

खत्ताती बघत वाढलेल्या माणसाला वाइल्डस्टाइल परकी वाटू नये. अक्षर वाचायचं असतं तसं नुसतं बघायचंही असतं, हे आपल्याला विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंतींनी शिकवलेलं आहे. उस्मानी सुलतानांचा तुग्रा घ्या. सुलतानाचं आणि त्याच्या बापाचं नाव अशा वळणांत गुंतवलेलं की, सराव नसलेल्याला ते नाव आहे हेही कळू नये. त्या गुंत्यातच त्याचा रुबाब. वाइल्डस्टाइलचं गणित अगदी हेच. फरक इतकाच की, तुग्रा फर्मानाच्या माथ्यावर असायचा आणि टॅग ज्याच्याविरुद्ध फर्मान निघतं त्याचा असायचा.

या धाग्याचं पुढचं टोक एल सीड या फ्रेंच-ट्युनिशियन कलावंतापाशी आहे. २०१२ साली त्यानं ट्युनिशियातल्या गाबेस शहरात जारा मशिदीच्या मिनारावर स्प्रेच्या रंगांनी सूरह हुजुरातची १३वी आयत लिहिली, तीही तिथल्या इमामांच्या संमतीनं. २०१६मध्ये कैरोत कचरा वेचणाऱ्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या वस्तीत त्यानं जवळपास पन्नास इमारतींवर मिळून एकच अरबी वर्तुळ काढलं. ते पूर्ण दिसतं ते फक्त मुकत्तमच्या टेकडीवरून. वचन निवडलं एका ख्रिस्ती संताचं. सरकारी परवाना त्यानं काढलाच नव्हता.

लांडगे

गॅलऱ्या उघडत होत्या त्याच वर्षांत शहर दुसऱ्या बाजूनं आवळत चाललं होतं. १९७२मध्येच महापौर जॉन लिंड्से यांनी सार्वजनिक जागी उघडा स्प्रे-डबा बाळगायला बंदी घालणारा कायदा आणला. १९७७पासून गाड्या रसायनांनी धुतल्या जाऊ लागल्या. १९८१मध्ये महापौर एड कॉक यांच्या काळात कोरोना यार्डभोवती काटेरी कुंपणाच्या दोन रांगा आणि त्यांच्या मधोमध पहारेकरी कुत्री आली. कुत्र्यांऐवजी लांडगेच सोडावेत, असंही कॉकसाहेब बोलले होते. हसायला येतं खरं, पण धोरण त्याच दिशेचं होतं.

त्या धोरणाला वैचारिक टेकूही मिळाला. समाजशास्त्रज्ञ नेथन ग्लेझर यांनी १९७९च्या लेखात म्हटलं की, ग्राफिटी दिसली की, प्रवाशाला वाटतं इथं कुणाचाच ताबा नाही. १९८२च्या मार्चमध्ये विल्सन आणि केलिंग यांनी ‘ब्रोकन विंडोज’ हा गाजलेला सिद्धांत मांडला. एक फुटकी काच तशीच राहिली तर पुढं मोठे गुन्हे होतात, असा त्याचा सारांश. मग भिंतीवरची रेघ ही नुसती रेघ राहिली नाही. ती पुढच्या दरोड्याची पहिली पायरी ठरली, आणि रेघ ओढणारा होऊ घातलेला दरोडेखोर. अठरा महिन्यांनी म्हणजे स्टुअर्टवर लिहिण्याचा आरोप असताना पोलिसांच्या नजरेत तो नेमका कोण होता, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

मायकल स्टुअर्ट चित्रं काढायचा. ईस्ट व्हिलेजमधल्या पिरॅमिड क्लबात टेबलं साफ करायचं काम करायचा. ग्राफिटीवाल्यांत त्याची ओळख नव्हती, असं त्याचे मित्र सांगत. त्या रात्री तो ब्रुकलिनला घरी चालला होता. पकडल्यावर त्याला युनियन स्क्वेअरच्या पोलीस ठाण्यावर नेलं. समोरच एका कलाशाळेचं वसतिगृह होतं. किंकाळ्या ऐकून विद्यार्थी खिडक्यांत आले आणि त्यांनी त्याला मारताना पाहिलं. पुढं खटल्यात साक्षीदार तेच होते. उंचावरून, अंधारात, कोणत्या पोलिसानं नेमकं काय केलं हे त्यांना सांगता आलं नाही.

शहराच्या मुख्य वैद्यकीय तपासनिसांनी आधी हृदय बंद पडल्याचं सांगितलं, नंतर मानेजवळच्या मज्जारज्जूला इजा झाल्याचं, आणि साक्षीच्या वेळी तेही ठाम राहिलं नाही. नोव्हेंबर १९८५मध्ये सहाही पोलीस निर्दोष सुटले. ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९९०मध्ये दिवाणी दाव्यात कुटुंबाला १७ लाख डॉलर मिळाले. तुलनेसाठी सांगतो, क्वीन्समधल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवरची ग्राफिटी मालकानं २०१३मध्ये एका रात्रीत पांढरी फासली, तेव्हा २०१८मध्ये न्यायालयानं २१ कलावंतांना ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. तीही योग्यच होती.

एका भिंतीचा तुकडा

स्टुअर्ट कोमात असतानाच, २६ सप्टेंबरला युनियन स्क्वेअरमध्ये निदर्शनांची हाक दिली गेली. तिचं पत्रक डेव्हिड वोइनारोविच या चित्रकारानं काढलं होतं. बास्कियाची मैत्रीण सुझान मालूक वकिलांसाठी पैसे गोळा करत फिरत होती. बास्किया स्वतः हादरला होता. त्याच्या जागी मीही असू शकलो असतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा, हे जवळच्यांनी नोंदवून ठेवलंय. त्या वेळी तो २२ वर्षांचा होता. त्याची चित्रं हातोहात खपत होती आणि अंधार पडल्यावर मॅनहॅटनमध्ये टॅक्सी मात्र त्याच्यासाठी थांबत नव्हती.

त्या दिवसांत कधीतरी हॅरिंगच्या स्टुडिओत गेला असताना बास्कियानं तिथल्या भिंतीवरच एक चित्र काढलं. मधोमध काळी, चेहरा नसलेली आकृती. दोन्ही बाजूंना गुलाबी चेहऱ्यांचे, निळ्या गणवेशातले दोन पोलीस, हातात उगारलेले दंडुके. वर एकच शब्द, दोन्ही टोकांना प्रश्नचिन्हं लावून : ‘डीफेसमेंट’.

या शब्दाला आपल्या सरकारी मराठीत ‘विद्रूपण’ म्हणतात. महाराष्ट्रात १९९५ सालचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. महापालिका फलक उतरवतात त्या त्याच्या आधारे. न्यू यॉर्कमध्येही तो कायद्याचाच शब्द, भिंतीवर लिहिणाऱ्यावर लावायचा. इंग्रजी शब्दाच्या पोटात चेहरा आहे, मराठीच्या पोटात रूप. चित्रातल्या माणसाला चेहरा नाही. बास्कियानं प्रश्नचिन्हं टाकली आणि आणखी काही लिहिलं नाही.

हे चित्र विकण्यासाठी नव्हतंच. ज्या भिंतीवर ते काढलं तिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मित्रांनी आधीच टॅग मारलेले होते, ते त्यात अजूनही दिसतात. ‘पोस्ट’ न झालेली ग्राफिटी बघायची तर ती ही. जॅनिस गॅलरीतलं प्रदर्शन उघडलं तेव्हा ते मित्राच्या स्टुडिओतल्या भिंतीवर होतं. १९८५मध्ये हॅरिंगनं स्टुडिओ बदलला, तेव्हा त्यानं भिंतीचा तेवढा भाग कापून काढला. पुढं त्याला सोनेरी नक्षीची चौकट बसवली आणि आपल्या पलंगाच्या डोक्याशी टांगला. त्या वर्षी त्यानं स्वतःही स्टुअर्टवर एक मोठं चित्र केलं.

१२ ऑगस्ट १९८८ रोजी बास्किया वारला, वय २७. १२ मे १९८९ रोजी रेल्वे प्रशासनानं शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढून विजय जाहीर केला. हॅरिंग १६ फेब्रुवारी १९९० रोजी एड्सनं गेला, तोवर भिंतीचा तो तुकडा त्याच्या उशाशीच होता. जॅनिस कुटुंबानं आपल्याकडची ग्राफिटीची चित्रं पुढं ब्रुकलिन संग्रहालयाला दिली आणि २००६मध्ये तिथं ‘ग्राफिटी’ याच नावानं प्रदर्शन झालं. ‘पोस्ट’ गळून पडलं होतं. २०१७मध्ये बास्कियाचं १९८२मधलं एक चित्र लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं.

‘डीफेसमेंट’ मात्र बराच काळ फारसं कुणी पाहिलं नव्हतं. २०१९च्या उन्हाळ्यात शेड्रिया लाबूव्हिये या अभ्यासक स्त्रीनं त्याच्याभोवती गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन उभं केलं. हॅरिंगचं चित्र, वोइनारोविचचं पत्रक, वर्तमानपत्रांची कात्रणं असं सगळं तिथं होतं. मायकल स्टुअर्टनं स्वतः केलेली काही चित्रंही होती, खाली त्याच्या नावाची पाटी लावून.